क्वांटम, काकू आणि 'किंवा'

गेल्या गणपतीत आमच्या इथे एका पाहुण्यांचं व्याख्यान झालं. 'इथे' म्हणजे कोलोराडोत, रॉकी पर्वताच्या पायथ्याशी. आमचं मंडळ लहान. दीडशे माणसं जमली तरी भाड्यानं घेतलेलं शाळेचं कॅफेटेरिया गच्च वाटतं. आरती झाली, मोदक झाले, पोरांची नाटुकली झाली आणि मग हे व्याख्यान. विषय नेहमीचाच: विज्ञान आणि अध्यात्म. वक्ते बोलायला फर्डे होते. आवाज खणखणीत, मधेमधे विनोद. शेवटाकडे त्यांनी हुकमी पत्ता टाकला. म्हणाले, पाश्चात्त्यांचा सगळा डोलारा ॲरिस्टॉटलच्या 'एकतर हो, नाहीतर नाही' या तर्कावर उभा होता; क्वांटम भौतिकीनं तो पाडला. आता विज्ञानच सांगतं की 'हो' आणि 'नाही' एकाच वेळी खरे असतात!

टाळ्यांचा कडकडाट. मीही वाजवल्या, खोटं कशाला बोलू? मोदक पोटात असले की माणूस उदार होतो.

घोळ नंतर झाला. चहाच्या रांगेत एका मित्राच्या आई भेटल्या. सहा महिन्यांसाठी मुलाकडे आलेल्या. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "अरे, तुला एक विचारू का? तू इंजिनियर आहेस म्हणून विचारते." निघण्याआधी गावी त्यांनी दोन तपासण्या केल्या होत्या. एक नेहमीच्या लॅबमध्ये, रक्त देऊन. तिथे साखर बरीच वाढलेली निघाली. दुसरी कुठल्याशा शिबिरात. तिथे म्हणे यंत्राला जोडलेली धातूची दांडी मुठीत धरायची, की मिनिटाभरात सगळ्या शरीराचा छापील अहवाल हातात. त्यात साखर नॉर्मल. यंत्राच्या नावात 'क्वांटम' होतंच, ते काय सांगायला हवं?

काकू काही भोळ्या नाहीत. त्यांनी तिथल्या माणसाला विचारलं होतं की बाबा रे, दोन रिपोर्ट दोन तऱ्हेचे कसे? "तो म्हणाला, आजी, क्वांटममध्ये दोन्ही खरं असतं. मला काही पटलं नव्हतं. पण आज हे सरही तेच म्हणाले, आणि तुम्ही सगळ्या शिकलेल्या मुलांनी टाळ्या वाजवल्यात. म्हणजे मी गोळी अर्धी केली ते बरोबरच आहे ना?"

चहा घशात अडकला. काकूंना काय सांगितलं ते शेवटी सांगतो. पण तेव्हापासून हा लेख डोक्यात घोळतोय, तो आधी उतरवून काढतो.

माझं म्हणणं थोडक्यात असं. क्वांटम भौतिकीमुळे जगाबद्दलच्या आपल्या काही लाडक्या कल्पना सोडाव्या लागतात. तर्कशास्त्र सोडावं लागत नाही. आता 'लागतं' असं म्हणणारे फक्त शिबिरातले विक्रेते असते तर एवढं लिहायची गरज नव्हती. पण तसं म्हणणाऱ्यांत हार्वर्डचा एक अव्वल तत्त्वज्ञही होता. दोघांनाही उत्तर द्यायला हवं. दुसऱ्याला जरा अदबीनं.

मी भौतिकीचा माणूस नाही, हे आधीच कबूल करतो. रेडिओ सिग्नलवर पोट भरतो. पण या वादात माझ्या धंद्याचा फार उपयोग होतो, कसा ते पुढे येईलच.

आधी प्रकरण काय आहे ते पाहू. पोलरॉइडचे तीन तुकडे घ्या, गॉगलच्या काचा असतात तसे. एक उभा धरा, त्याच्यापुढे दुसरा आडवा. पलीकडे अंधार. आता या दोघांच्या मधे तिसरा तुकडा ४५ अंशांत तिरका सरकवा. उजेड दिसायला लागतो! अडथळा वाढवला आणि प्रकाशही वाढला. तुकडे अगदी आदर्श असतील तर मूळ प्रकाशाचा आठवा हिस्सा पलीकडे पोहोचतो. हाच प्रयोग एकेक फोटॉन सोडून केला तर असं दिसतं: उभ्या तुकड्यातून आलेला फोटॉन दुसऱ्या उभ्या तुकड्यातून हमखास जातो, आडव्यातून कधीच जात नाही, आणि तिरक्यातून निम्म्या वेळा जातो. कुठला जाईल हे आधी सांगता येत नाही.

मग या उभ्या फोटॉनबद्दल विचारलं, 'हा तिरका आहे का?', तर काय म्हणायचं? घोषणाबाज म्हणतात, 'आहे आणि नाहीही!' सिद्धांत असं काहीही म्हणत नाही. सिद्धांत म्हणतो, तो उभा आहे. बस्स. उभी अवस्था ही उजवीकडे तिरकी आणि डावीकडे तिरकी अशा दोन अवस्थांची बेरीज म्हणून लिहिता येते, यालाच सुपरपोझिशन म्हणतात. आपण ईशान्येची वाटचाल पूर्वेकडची काही आणि उत्तरेकडची काही अशी मांडतो, त्यातलाच प्रकार. ईशान्येला निघालेल्या माणसाबद्दल कुणी म्हणतं का, की तो ठीक पूर्वेला जातोय आणि पूर्वेला जातही नाहीये? तो ईशान्येला जातोय!

इथे एक जुनी चूक लपलेली आहे. 'विरुद्ध' आणि 'नकार' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. भिंत पांढरी नाही म्हणजे ती काळी आहे असं होत नाही. उभा फोटॉन उजवीकडे तिरका नाही, तसाच डावीकडे तिरकाही नाही. ही दोन्ही विधानं एकदम खरी आहेत आणि त्यांच्यात काडीचा विरोध नाही. 'हो आणि नाही दोन्ही' असं इथे कुठेच घडलेलं नाही.

आणि ते मांजर! श्रोडिंजरनं ते १९३५ साली आणलं ते 'बघा, मांजर जिवंत आणि मेलेलं दोन्ही असतं' हे शिकवायला नव्हे. त्याला दाखवायचं होतं की सिद्धांताचं तेव्हाचं रूप मोठ्या वस्तूंना सरळ लावलं तर किती हास्यास्पद चित्र उभं राहतं. टिंगल म्हणून आणलेलं मांजर पुढे लोकांनी देव्हाऱ्यात बसवलं.

यावर जाणकार म्हणतील, "अहो, पण क्वांटम लॉजिक नावाची गोष्ट आहेच की." आहे ना. १९३६ साली गॅरेट बर्कहॉफ आणि जॉन फॉन नॉयमन यांनी 'ॲनल्स ऑफ मॅथेमॅटिक्स'मध्ये ती मांडली. फॉन नॉयमन म्हणजे तोच, ज्याच्या नावाची रचना आपण संगणकाच्या पहिल्या धड्यात शिकतो. त्यांची कल्पना सुंदर आहे. क्वांटम अवस्था म्हणजे एका अवकाशातल्या दिशा. हो-नाही उत्तराचा प्रत्येक प्रश्न म्हणजे त्या अवकाशातली, मधल्या बिंदूतून जाणारी एखादी रेषा, किंवा प्रतल, किंवा आणखी मोठा सपाट भाग. 'आणि' म्हणजे दोन भागांत जे समाईक आहे ते. 'नाही' म्हणजे त्या भागाला लंब असलेलं सगळं. आणि 'किंवा' म्हणजे दोघांना पोटात घेणारा सगळ्यात लहान सपाट भाग. एका बिंदूतून जाणाऱ्या दोन वेगळ्या रेषा घेतल्या तर त्यांचा 'किंवा' म्हणजे अख्खं प्रतल.

(घाबरू नका, याच्यापुढे गणित वाढणार नाही.)

आता गंमत बघा. या तर्कशास्त्रात 'हो आणि नाही' म्हणजे एखादी रेषा आणि तिची लंबरेषा यांत समाईक काय? फक्त मधला बिंदू. म्हणजे ते विधान कायम खोटं. 'हो किंवा नाही'? दोघी मिळून सगळं प्रतल व्यापतात. म्हणजे ते कायम खरं. व्याख्यानात ज्या दोन नियमांचं श्राद्ध घातलं गेलं, ते दोन्ही नियम क्वांटम लॉजिकमध्ये ठणठणीत जिवंत आहेत! म्हणजे 'क्वांटम लॉजिक सांगतं की हो आणि नाही एकदम खरे असतात' हे म्हणणाऱ्यांनी तो निबंध उघडूनही पाहिलेला नाही.

मोडतो तो तिसराच नियम, वितरणाचा. शाळेत शिकलेला. जेवायला भात आहे, आणि आमटी किंवा कढी आहे. याचाच अर्थ, भात आणि आमटी आहे, किंवा भात आणि कढी आहे. यात वाद घालणारा माणूस उपाशीच राहील. पण आता फोटॉनवर या. 'उभा आहे, आणि (उजवीकडे तिरका किंवा डावीकडे तिरका आहे).' दोन तिरक्या रेषांचा 'किंवा' म्हणजे अख्खं प्रतल, म्हणून कंस कायम खरा. उरलं फक्त 'उभा आहे'. दुसरी बाजू घ्या: '(उभा आणि उजवीकडे तिरका) किंवा (उभा आणि डावीकडे तिरका).' उभी रेषा आणि तिरकी रेषा मधल्या बिंदूतच भेटतात, म्हणून पहिला कंस खोटा, दुसराही खोटा, सगळंच खोटं. एक बाजू खरी आणि दुसरी खोटी. वितरण मोडलं.

हुश्श. मग मोडलं ना तर्कशास्त्र?

थांबा. त्या 'किंवा'कडे नीट बघा. आपण बोलताना 'हे किंवा ते' खरं म्हणतो, तेव्हा दोघांतलं निदान एक तरी खरं असतं. या नव्या 'किंवा'त दोघांतलं एकही खरं नसलं तरी सगळं विधान खरं ठरतं. म्हणजे हा आपला 'किंवा' नव्हेच. त्याच स्पेलिंगची दुसरी क्रिया आहे. एखाद्यानं अधिकाच्या चिन्हाचा अर्थ बदलून घेतला आणि मग ओरडत सुटला की दोन अधिक दोन चार होत नाहीत, तर त्याला अंकगणित कोसळल्याचं श्रेय द्यायचं का?

आणि या मोडण्यात क्वांटम असं काही नाहीच. आलेखाचा कागद घ्या. आडवा अक्ष, उभा अक्ष आणि मधून जाणारी तिरपी रेषा. वरचाच खेळ या तीन रेषांवर करा, वितरण तिथेही मोडतं. हे नववीच्या भूमितीच्या वहीत घडतं. माझ्या धंद्यात तर रोज घडतं. एखादा क्षणभराचा टिक्‌ असा आवाज हा असंख्य शुद्ध स्वरांची बेरीज म्हणून लिहिता येतो, पण तो त्यांतला कुठलाच एक स्वर नसतो. 'हा स्वर किंवा तो स्वर किंवा...' असं वर सांगितलेल्या पद्धतीनं म्हटलं तर खरं, आणि सुटासुटा विचारला तर प्रत्येक खोटा. फूरिएचा ग्रंथ १८२२ सालचा. दोनशे वर्षं होऊन गेली, त्याच्या गणितावर रेडिओ, टीव्ही, मोबाईल उभे राहिले, पण 'फूरिएमुळे तर्क संपला' असं म्हणणारा बॉस मला अजून भेटलेला नाही. भेटला असता तर नोकरी सोडली असती.

आता हार्वर्डच्या तत्त्वज्ञाकडे येऊ. हिलरी पटनम. १९६८ साली त्यानं एक निबंध लिहिला, 'तर्कशास्त्र अनुभवावर अवलंबून आहे का?' अशा अर्थाच्या नावाचा. त्याचा युक्तिवाद कच्चा मुळीच नव्हता. तो म्हणाला, युक्लिडची भूमिती पाहा. शतकानुशतकं लोकांना वाटत होतं की ती खोटी असूच शकत नाही. मग १९१५ साली आइन्स्टाइन आला आणि खरं अवकाश तसं नाही असं ठरलं. भूमितीची जी गत झाली ती तर्कशास्त्राची का होऊ नये? वितरणाचा नियम सोडा, की क्वांटमची सगळी कोडी विरघळतील. मग खुशाल म्हणता येईल की कणाला जागाही असते आणि वेगही असतो.

वाचताना क्षणभर पटतं. मलाही पटलं होतं. पण तीन ठिकाणी पाय घसरतो.

एक, कोडी विरघळत नाहीत. 'कणाला कुठली ना कुठली जागा आहे' हे वाक्य त्या नव्या 'किंवा'च्या जोरावर खरं होतं. 'बरं मग, कुठली?' असं विचारलं की उत्तर नाही. जे कोडं आधी 'जागा ठरलेली नाही' या शब्दांत होतं, तेच आता 'जागा आहे, पण यांपैकी कुठलीच नाही' या शब्दांत आलं. रोग तोच, पाटी नवी.

दोन, भूमिती बदलली तेव्हा पायाखाली जमीन होती, आणि ती जमीन म्हणजे तर्क. रीमाननं १८५४ साली नव्या भूमितीचा पाया मांडला तो नेहमीच्याच तर्कानं. १९१९ च्या ग्रहणात ताऱ्यांचा प्रकाश मोजला तो 'हा सिद्धांत खरा असेल तर किरण इतका वाकेल, तो खरा असेल तर त्याच्या निम्मा. मोजू या' या विचारानं. 'असेल तर... म्हणून...' ही भाषाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभी केली तर निकाल कुठल्या भाषेत लिहिणार? सॉल क्रिप्की आणि मायकल डमेट यांनी सत्तरच्या दशकात पटनमला घेरलं ते साधारण याच बाजूनं.

तीन, क्वांटम लॉजिकच्या त्या निबंधातली प्रमेयं सिद्ध केलीत कशानं? आपल्या जुन्याच तर्कशास्त्रानं, वितरणासकट! घर पाडायला आलेला माणूस त्याच घराच्या गच्चीवर उभा आहे.

पटनमबद्दल मला आदर आहे तो पुढच्या गोष्टीसाठी. नंतर त्यानं हे मत सोडलं, आणि २००५ साली क्वांटमवर पुन्हा सविस्तर लिहिलं तेव्हा ते उघडपणे मांडलं. आपल्या सगळ्यात गाजलेल्या मतांपैकी एक चुकलं, असं छापून सांगणारी माणसं किती असतात? पटनमनं सोडलेलं मत गणपतीत मात्र अजून टाळ्या घेतंय.

आणखी एक प्रयत्न झाला होता. हान्स रायशेनबाखनं १९४४ साली खरं, खोटं आणि 'अनिश्चित' असं तीन किमतींचं तर्कशास्त्र सुचवलं. यावर साक्षात नील्स बोर, ज्याचं नाव गूढवादी मंडळी सर्वांत जास्त घेतात, त्यानं १९४८ साली लिहिलं की त्याची गरज नाही. प्रयोगाची मांडणी आणि तिच्यात दिसलेलं फळ यांचं एकत्र वर्णन केलं तर साध्या भाषेपासून आणि नेहमीच्या तर्कापासून दूर जावं लागत नाही.

मग क्वांटमनं धक्का दिला तो कशाला? काहीच सोडावं लागत नाही असं नव्हे. त्यासाठी एक उदाहरण देतो, माझ्या मते या विषयातलं सर्वांत सुंदर. १९८९ साली ग्रीनबर्गर, हॉर्न आणि झायलिंगर यांनी मांडलेलं.

तीन फोटॉन एकत्र तयार करून तीन दिशांना पाठवले. प्रत्येकाला दोनच प्रश्न विचारता येतात, 'क्ष' किंवा 'य', आणि उत्तर येतं अधिक एक किंवा उणे एक. सिद्धांत म्हणतो: कुणाही एकाला क्ष विचारा आणि बाकी दोघांना य, तर तीन उत्तरांचा गुणाकार नेहमी उणे एक. आता समजा, प्रत्येक फोटॉन दोन्ही प्रश्नांची उत्तरं आधीच चिठ्ठीवर लिहून खिशात घेऊन निघालाय, परीक्षेला कॉपी नेतात तशी. असे तीन गुणाकार होतात (क्ष पहिल्याला, दुसऱ्याला, तिसऱ्याला). ते तिन्ही एकमेकांशी गुणा. प्रत्येकाचं य-चं उत्तर दोनदा येतं, म्हणून त्याचा वर्ग होऊन एक होतो आणि गळतो. उरतो फक्त तिघांच्या क्ष उत्तरांचा गुणाकार, आणि तो तीन उणे एकांचा गुणाकार म्हणजे उणे एक. म्हणजे चिठ्ठ्या असतील तर तिघांनाही क्ष विचारल्यावर उणे एक यायलाच हवा.

सिद्धांत सांगतो, येतो अधिक एक. आणि २००० साली झायलिंगर आणि सहकाऱ्यांनी प्रयोगशाळेत पाहिलं, निसर्ग सिद्धांताच्या बाजूनं निघाला.

आता आपण काय केलं ते बघा. चिठ्ठ्या आहेत असं मानलं. त्यावरून विसंगती काढली. म्हणून चिठ्ठ्या फाडल्या. शाळेतल्या भूमितीत याला अप्रत्यक्ष सिद्धता म्हणायचे. संपूर्णपणे जुना तर्क! 'अधिक एकही खरं आणि उणे एकही खरं' असं चालत असतं तर विसंगती निघालीच नसती, चिठ्ठ्या सुखरूप राहिल्या असत्या आणि क्वांटमनं आपल्याला काहीच शिकवलं नसतं. जॉन बेलचं १९६४ सालचं प्रमेय असंच चालतं. त्याच्या कसोट्या इथे माझ्या घराजवळ, बोल्डरच्या निस्ट या सरकारी प्रयोगशाळेतही झाल्या. २०१५ साली तिथे सुमारे १८५ मीटर अंतरावर ठेवलेल्या दोन उपकरणांनी एकेक फोटॉन मोजला. २०२२ चं भौतिकीचं नोबेल आस्पे, क्लाउझर आणि झायलिंगर यांना मिळालं ते अशाच कसोट्यांच्या कामासाठी. तर्क पडला म्हणणाऱ्यांना कळत नाही की ज्या निकालाचा ते दाखला देतात, तो निकाल त्या तर्काच्या सहीशिवाय वैधच नाही.

तर सोडायचं आहे ते हे: 'मोजण्याआधीच प्रत्येक प्रश्नाचं उत्तर ठरलेलं असतं, आणि दूर कुठे काय विचारलं जातं याचा त्यावर परिणाम होत नाही.' या वाक्याचे दोन तुकडे आहेत आणि कुठला सोडायचा यावर खरी भांडणं आहेत. डेव्हिड बोमनं १९५२ साली दाखवलं की कणाला सतत निश्चित जागा आहे, दोन फटींच्या प्रयोगात तो एकाच फटीतून जातो असं मानूनही क्वांटमची भाकितं मिळवता येतात. किंमत एवढीच की दूरच्या गोष्टींचा तत्काळ परिणाम मान्य करायचा. ह्यू एव्हरेटनं १९५७ साली म्हटलं की सगळी फळं घडतात, पण वेगवेगळ्या शाखांत. एका शाखेत एकच. १९८६ साली गिरार्दी, रिमिनी आणि वेबर यांनी मूळ समीकरणच थोडं बदलून पाहिलं. यांतलं मला काय पटतं तो वेगळा लेख होईल. इथे मुद्दा इतकाच, की तिन्ही आपल्या साध्या तर्कशास्त्रात लिहिलेली आहेत. 'तर्क सोडावाच लागतो' यातला 'च' खोडायला असं एकच उदाहरण पुरे, इथे तीन आहेत.

न्यायानं दोन गोष्टी मान्य करतो. क्वांटम लॉजिक हे गणित म्हणून मोलाचं आहे. त्या सपाट भागांच्या रचनेवरच १९५७ सालचं ग्लीसनचं सुरेख प्रमेय उभं आहे. आणि जुना तर्क आकाशातून पडला, त्याला कुणी हात लावू नये, असंही माझं म्हणणं नाही. ब्राउवरसारख्या गणितज्ञांनी 'हो किंवा नाही'च्या नियमावर गंभीर शंका घेतल्या, त्या वेगळ्या कारणांनी. ती चर्चा जरूर करावी. फक्त तिचं बिल क्वांटमच्या नावावर फाडू नये.

वक्त्यांनी जाताजाता स्याद्वादाचंही नाव घेतलं होतं, म्हणून तेवढं सांगतो. जैन तर्कपरंपरेतला हा विचार खरंच खोल आहे. महालनोबिसांनी १९५४ साली आणि हाल्डेननं १९५७ साली संख्याशास्त्राच्या अंगानं त्यावर लिहिलं होतं. पण त्यातल्या 'स्यात्' या शब्दाचं काम काय? 'एका अपेक्षेनं' असं बजावणं. माती म्हणून घडा आहे, सोनं म्हणून नाही. कुठल्या अपेक्षेनं 'आहे' आणि कुठल्या अपेक्षेनं 'नाही' हे वेगळं केलं की विरोध उरत नाही. जी मंडळी शब्दाशब्दाला अपेक्षा जोडत होती, त्यांच्या नावावर 'काहीही चालतं' हे खपवणं म्हणजे त्यांचा अपमानच.

आता काकू.

मी म्हटलं, "काकू, क्वांटम बाजूला ठेवा. एका माणसाच्या रक्तात एका वेळी साखर किती, याचं एकच उत्तर. दोन रिपोर्ट उलटसुलट असतील तर निदान एक तरी चूक आहे. दोन्ही चूक असू शकतील, दोन्ही बरोबर नसतील. गोळीचं डॉक्टर सांगतील, मी नाही, आणि तो शिबिरवाला तर नाहीच." त्याच आठवड्यात मित्रानं इथे पुन्हा रक्त तपासून घेतलं. आकडा लॅबच्याच बाजूनं निघाला, किंबहुना थोडा वर. डॉक्टरांनी गोळी पूर्ववत केली. वेळेवर कळलं, निभावलं.

पण मित्राकडे नंतर जेवायला गेलो तेव्हा काकूंनी वाढता वाढता विचारलं, "मग ते सर असं का म्हणाले रे? आणि तुम्ही टाळ्या का वाजवल्यात?"

पहिल्या प्रश्नाला माझ्याकडे हा लेख आहे. दुसऱ्याला उत्तर नव्हतं. शिबिरातला माणूस पैशासाठी खोटं बोलला असेल. पण त्याचं खोटं काकूंच्या गळी उतरलं ते त्याच्यामुळे नाही. दीडशे शिकलेल्या माणसांनी, त्यातली निम्मीअधिक इंजिनियर, त्यावर टाळ्यांचा शिक्का मारला म्हणून. तर्क हा काही पाश्चात्त्यांचा डोलारा नाही. ज्याच्याकडे पैसा, पदवी, माईक यांतलं काहीच नाही, त्यालाही समोरच्याला 'हे दोन्ही खरं कसं?' असं विचारता येतं, ते त्याच्या जोरावर. काकूंनी तो प्रश्न शिबिरात बरोबर विचारला होता. आम्ही तो त्यांच्याकडून काढून घेतला.

असो. यंदाच्या गणपतीत व्याख्यानानंतर दहा मिनिटं प्रश्नोत्तरांना ठेवा असं मंडळाला सुचवलंय. पहिला प्रश्न मी विचारणार आहे.

ता. क. मित्राच्या स्वयंपाकघरात भिंतीवर एक स्वस्तातलं घड्याळ आहे. फोर्ट कॉलिन्सच्या केंद्रावरून ६० किलोहर्ट्झवर येणारा संदेश पकडून ते आपली वेळ आपणच लावतं. ती वेळ सीझियमच्या अणूंवर चालणाऱ्या घड्याळांनी ठरते. सेकंदाला ९,१९,२६,३१,७७० आवर्तनं. त्या घड्याळांत अणू दोन अवस्थांच्या सुपरपोझिशनमधूनच जातात, दिवसरात्र. एवढं सगळं क्वांटम पोटात घेऊन ते भिंतीवरचं घड्याळ रात्री आठ वाजता 'आठ वाजले' एवढंच दाखवतं, आणि काकू जेवणाआधीची गोळी घ्यायला उठतात. अख्खी गोळी.